‘मला जमणार नाही’ आणि गळ्याएवढे पाणी

प्रौढ स्त्रियांच्या पोहण्याच्या वर्गात मी बरीच वर्षे मदतनीस म्हणून काम करते आहे. आमच्या गावच्या तलावावर सकाळची एक तुकडी स्त्रियांसाठी राखीव असते आणि तिच्यात येणाऱ्या बहुतेक जणी चाळिशी ओलांडलेल्या असतात. नाव नोंदवताना वय, रक्तदाब, मधुमेह यांच्या जोडीला त्या आणखी एक माहिती न विचारता देतात. ‘माझ्या अंगाला पाणी मानवतच नाही.’ ‘माझा दम मुळातच कमी आहे.’ ‘पत्रिकेत पाण्यापासून घात आहे, म्हणून आईने कधी विहिरीकडे फिरकू दिले नाही.’ ‘माझे हाड जड आहे, मी तरंगणारच नाही.’ ही वाक्ये त्या भीती म्हणून सांगत नाहीत. रक्तगट सांगावा तशी सांगतात. आपल्याविषयीची ही एक पक्की, बदलू न शकणारी गोष्ट आहे, असे त्यांना मनापासून वाटत असते.

यांतल्या अनेकींशी बोलल्यावर या समजुतीचे मूळ सापडते. गावाकडे भाऊ पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळलेले भोपळे बांधून विहिरीत उतरत, आठवडाभर गटांगळ्या खात आणि मग सुट्टी संपेपर्यंत मुटके मारत. बहीण काठावर त्यांचे कपडे राखत बसे. शहरात वाढलेल्या मुलीला पोहण्याच्या पोशाखावरून अडवले जाई, किंवा केस खराब होतील, रंग काळवंडेल, अशी कारणे सांगितली जात. म्हणजे घडले होते ते इतकेच, की तिला कोणी शिकवले नव्हते. पण तीस-चाळीस वर्षे गेल्यावर ‘शिकवले नाही’ याचे आपोआप ‘जमत नाही’ होते आणि मग त्यावर पुन्हा विचार करण्याचे कोणाला कारणही उरत नाही.

अशी समजूत समजावून सांगून जात नाही, हे मी ठामपणे म्हणू शकते. घरची माणसे प्रेमाने म्हणतात, ‘अगं, तुला नक्की जमेल.’ ती मान डोलावते, पायरीवरून उतरते, आणि पाणी कमरेला लागताच तिचे खांदे कानांकडे चढतात, हनुवटी वर जाते, कठड्यावरची बोटे पांढरी पडतात आणि आत घेतलेला श्वास छातीत कोंडला जातो. ‘मला जमणार नाही’ हा विचार त्या क्षणी तिच्या डोक्यात असेल किंवा नसेल. तिच्या अंगात मात्र तो पूर्ण आकाराने उभा असतो. आणि या आकारातल्या शरीराने जगातल्या कोणालाही पोहता येणार नाही. त्यामुळे प्रत्येक प्रयत्न फसतो आणि प्रत्येक फसलेला प्रयत्न त्या जुन्या समजुतीच्या बाजूने साक्ष देतो. हे चक्र तोडायचे, तर डोक्याशी वाद न घालता श्वासापासून आणि हालचालीपासून सुरुवात करावी लागते. तीही श्वास घेण्यापासून नव्हे, सोडण्यापासून.

याचे कारण नीट सांगितले पाहिजे, कारण बहुतेक जणींना ते आयुष्यात कधीच कोणी सांगितलेले नसते. गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहिले की पाण्याचा दाब छातीच्या पिंजऱ्यावर आणि पोटावर सगळीकडून येतो, आणि प्रत्येक श्वासासाठी स्नायूंना जमिनीवरच्यापेक्षा अधिक जोर लावावा लागतो. छाती आवळल्यासारखी वाटते, ती या दाबामुळे. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ते जाणवते. तो त्याकडे लक्ष देत नाही, इतकाच फरक. नवखी स्त्री मात्र या संवेदनेचा अर्थ ‘माझा जीव घाबरा होतो आहे’ असा लावते, घाईने आणखी हवा आत ओढते आणि ती सोडायला धजत नाही. सोडली तर पुढची मिळेल याची तिला खात्री नसते. मग पुढचा श्वास ती आधीच भरलेल्या फुप्फुसांवर घेते, तो जेमतेम गळ्यापर्यंत जातो, आणि ‘माझा दम संपला’ असे ती म्हणते. प्रत्यक्षात त्या क्षणी तिची छाती हवेने काठोकाठ भरलेली असते.

शरीराला श्वासाची जी निकड जाणवते, ती मुख्यतः प्राणवायू कमी झाल्यामुळे जाणवत नाही. रक्तात कार्बन डायॉक्साइड साठल्यामुळे जाणवते. मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र या वाढीला फार लवकर दाद देते. आपण आत घेतो त्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो आणि बाहेर सोडतो त्या हवेतही तो साधारण १६ टक्के उरलेला असतो. उलट बाहेर पडणाऱ्या हवेत कार्बन डायॉक्साइड ४ टक्क्यांच्या आसपास असतो, जो आत येणाऱ्या हवेत नगण्य असतो. ‘दम कमी आहे’ म्हणणाऱ्या स्त्रीची अडचण बहुतेक वेळा हवा न मिळण्याची नसते, हवा न सोडण्याची असते. यावर उपाय आहे आणि तो पाच मिनिटांत अनुभवता येतो.

आमच्या तुकडीत एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. आवाज खणखणीत, वर्गात चाळीस मुलांना गप्प बसवणारा. पण पाण्यात उतरल्यावर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. त्यांना मी कठडा सोडायला सांगितले नाही. दोन्ही हात कठड्यावर, पाय तळाला, तोंड आणि नाक फक्त पाण्याखाली, आणि ओठ मिटून ‘म्’ असा हुंकार. हुंकार यासाठी, की तो चालू असेपर्यंत नाकातून हवा बाहेर येतच राहते. श्वास कोंडायला वाव राहत नाही आणि नाकात पाणीही शिरत नाही. पहिला हुंकार आखूड निघाला आणि त्या खाडकन वर आल्या, चेहरा दोन्ही हातांनी पुसला. दुसराही तसाच. तिसऱ्याला बुडबुडे जरा सावकाश आले. काही वेळाने एक हुंकार अगदी शेवटच्या थेंबापर्यंत गेला, त्या वर आल्या आणि तोंड उघडताच श्वास आपोआप आत शिरला. त्यांना तो ओढावा लागला नाही. त्यांचे खांदे तेव्हा खाली आलेले मी पाहिले. ‘खांदे सैल सोडा’ हे मी एकदाही म्हटले नव्हते. चेहरा पुसायचेही त्यांच्या लक्षात राहिले नाही.

लांबवलेल्या उच्छ्वासाचा हृदयावर होणारा परिणाम आज मोजता येतो. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते, आणि मिनिटाला सहाच्या आसपास इतक्या संथ गतीने श्वास चालू ठेवला, तर हा चढउतार अधिक ठळक होतो. थंड पाणी चेहऱ्याला लागल्यावरही नाडी मंद होण्याची प्रवृत्ती असते. आपल्याकडे हे निरीक्षण फार जुने आहे. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात चित्तविक्षेपाचे, म्हणजे मन विचलित होण्याचे, सोबती सांगताना दुःख आणि मनाची खिन्नता यांच्या जोडीला अंगाची थरथर आणि विस्कळीत श्वास यांची नावे घेतली आहेत, आणि पुढे चित्त प्रसन्न करण्याच्या उपायांत श्वास बाहेर सोडण्याचा उपाय दिला आहे. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम या योगसंस्थेची स्थापना केली, ती अशा जुन्या निरीक्षणांना प्रयोगशाळेच्या मापाला लावण्यासाठी. तरीही एक गोष्ट आवर्जून सांगते. श्वासाने मन शांत होते, समजूत बदलत नाही. शांत मनानेही माणूस ‘मला जमणार नाही’ म्हणू शकतो. समजूत बदलायला पुरावा लागतो आणि तो हालचालीतून येतो.

म्हणून हुंकारानंतर लगेच तरंगणे येते. पण त्याच्याही आधी मी उभे राहायला शिकवते. हे ऐकून पुष्कळ जणींना नवल वाटते. पाण्यावर आडवे झालेले शरीर पुन्हा उभे करणे ही वेगळी हालचाल आहे: गुडघे पोटाशी घ्यायचे, दोन्ही तळहातांनी पाणी खाली दाबायचे, पाय तळाला लागले की मग डोके उचलायचे. नवखी व्यक्ती याच्या नेमके उलट करते. ती आधी डोके वर काढते, पाय अजून तळाला लागलेले नसतात आणि ती तोंडावर पालथी होते. कमरेएवढ्या पाण्यातही माणूस घाबरून गटांगळ्या खातो, तो यामुळेच. ही हालचाल अंगवळणी पडली की ‘मी कधीही थांबू शकते’ ही खात्री येते, आणि माझ्या अनुभवात पुढच्या सर्व धाडसाला हीच खात्री पुरते.

त्यानंतर ‘जड हाडा’ची परीक्षा. पूर्ण श्वास आत घ्यायचा, चेहरा पाण्यात घालायचा, गुडघे छातीशी धरून मुटकुळे करायचे आणि काहीही न करता राहायचे. शरीर क्षणभर खाली जाते, मग सावकाश वर येते आणि पाठ पाण्याबाहेर दिसू लागते. मानवी शरीराची सरासरी घनता पाण्याच्या अगदी जवळची असते. फुप्फुसे भरलेली असली की बहुतेकांची ती पाण्यापेक्षा थोडी कमी होते, आणि स्त्रियांच्या शरीरात चरबीचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक असल्यामुळे त्यांना तरंगणे सहसा सोपे जाते. सडपातळ, पीळदार अंगाच्या काहींचे पाय खाली जातात हेही खरे आहे आणि ते मी लपवत नाही. पण जिने आयुष्यभर ‘मी दगडासारखी बुडेन’ असे मानले, तिला आपण बुडायचे म्हटले तरी बुडत नाही हे स्वतःच्या पाठीला लागणाऱ्या वाऱ्यावरून कळते, तेव्हा कुठलेही भाषण करू शकणार नाही असे काम झालेले असते.

इथे मी एक लहानशी शिस्त पाळते. उडी, तरंगणे, सुटे उभे राहणे, काहीही असो. करण्याच्या आधी विचारते, ‘आता काय होईल असे वाटते?’ आणि झाल्यावर विचारते, ‘काय झाले?’ दोन्ही उत्तरे तिनेच आपल्या तोंडाने द्यायची. ‘वाटले होते नाकात पाणी जाईल, पाय तळाला लागणार नाही.’ ‘नाही गेले. लागला.’ हे न विचारता सोडले, तर झालेले यश सहज दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर जमा होते: पाणीच उथळ होते, तुम्ही जवळ होता, आज नशीब चांगले होते. आपल्याविषयी हलके मत असलेल्या माणसाला हे फार सवयीचे असते, म्हणून अपेक्षा आणि घडलेले शेजारी शेजारी ठेवण्याचा आग्रह मी धरते.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या क्षमतेवरील विश्वास कुठून येतो याची मांडणी केली. त्यांनी चार स्रोत सांगितले: स्वतः केलेली कृती, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणे, इतरांचे प्रोत्साहन, आणि आपल्या शरीरातल्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. यांत सर्वांत बळकट पहिला. सापाची तीव्र भीती असलेल्या लोकांवर त्यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगात, ज्यांनी मदतीने टप्प्याटप्प्याने साप प्रत्यक्ष हाताळला त्यांचा विश्वास, केवळ दुसऱ्याला हाताळताना पाहणाऱ्यांपेक्षा अधिक वाढला. आमच्या तलावावर मला हे रोज दिसते. दुसऱ्या स्रोताविषयी मला एक भर घालावीशी वाटते. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जबर जखमी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. पण काठावर थरथरणाऱ्या पन्नाशीच्या गृहिणीला त्यांचे उदाहरण दिले, तर ‘ते कुठे, मी कुठे’ असेच ती म्हणते. तिला उपयोगी पडते ती मागच्या तुकडीतली शेजारीण, जी गेल्या उन्हाळ्यात याच पायरीवर रडली होती आणि आता तिच्यासमोर पाठीवर निवांत तरंगते आहे.

शरीराच्या साहाय्याने मन बदलण्याच्या नावाखाली आज बरेच काही सांगितले जाते, त्यात निवड करायला हवी. २०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे म्हटले होते, की दोन मिनिटे ऐटीत, हातपाय पसरून राहिले की शरीरातली संप्रेरके बदलतात आणि धाडस वाढते. त्यात भाग घेणारे केवळ ४२ जण होते. २०१५ मध्ये २०० जणांवर तोच प्रयोग झाला. लोकांना आपण सबळ आहोत असे थोडेसे वाटले, पण संप्रेरकांत आणि वागण्यात फरक आढळला नाही. मूळ अभ्यासाच्या प्रमुख लेखिकेने पुढच्या वर्षी आपला या परिणामावर विश्वास उरला नसल्याचे जाहीर केले, आणि त्या प्रामाणिकपणाचे मला कौतुक वाटते. मला याचे आश्चर्य वाटत नाही, कारण त्या पवित्र्यात करायचे असे काहीच नव्हते. आरशासमोर छाती काढून उभे राहिल्याने पाण्यात तरंगता येत नाही. ज्या कामाविषयी ‘जमणार नाही’ असे वाटते, त्याच कामाचा एखादा लहानसा, खरा तुकडा त्या हालचालीत असावा लागतो.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘ढकलून द्या, आपोआप पोहायला येते’ हा आपल्याकडचा लाडका सल्ला आहे. काही मुले तशी शिकली हे मी नाकारत नाही. पण पन्नाशीत माझ्याकडे येणाऱ्या कित्येक जणींच्या बोलण्यात लहानपणी असेच ढकलले गेल्याची हकिगत असते. त्या दिवशी त्या बुडाल्या नाहीत हे खरे. मात्र त्यांच्या अंगाने शिकलेला धडा ‘मला तरंगता येते’ हा नव्हता, ‘मला कोणीतरी ओढून काढले म्हणून वाचले’ हा होता. बाहेर पडण्याचा मार्ग स्वतःच्या हातात नसताना घेतलेला अनुभव कितीही थरारक असला, तरी तो जुन्या समजुतीलाच खतपाणी घालतो. माझ्या मते हा सल्ला थांबला पाहिजे.

एवढे सगळे होऊनही भीती परत येते. उथळ बाजूला छान तरंगणारी स्त्री खोल बाजूला गेली, दुसऱ्या तलावावर गेली, किंवा पावसाळ्यातल्या सुट्टीनंतर परतली, की तिचे खांदे पुन्हा कानांकडे जातात. ‘बघा, मी म्हटले नव्हते?’ असे ती निराशेने म्हणते. भीतीच्या उपचारांवर संशोधन करणाऱ्यांनी याचे स्पष्टीकरण दिले आहे: जुने शिकणे पुसले जात नाही, त्याच्या शेजारी नवे शिकणे उभे राहते आणि परिस्थितीनुसार दोहोंपैकी एक वरचढ ठरते. म्हणून नवे शिकणे निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या खोलीवर, वेगवेगळ्या माणसांच्या सोबतीत घ्यावे लागते. आधारही एकेक करून काढावे लागतात: आधी कठडा, मग हातात धरायची तरंगती फळी, मग माझा हात. माझी बोटे तिच्या डोक्याखाली असेपर्यंत ती मनातल्या मनात ‘बोटांमुळे जमते’ असेच म्हणत असते. मी न सांगता बोटे काढत नाही. सांगते, ती श्वास सोडते, मग काढते. फसवून काढलेल्या आधाराने विश्वास वाढत नाही. पुढच्या वेळी ती माझ्यावरही ठेवत नाही.

पाण्यात मिळालेला विश्वास आयुष्याच्या इतर कप्प्यांत आपोआप जातो असे मी म्हणणार नाही. पोहायला शिकलेली प्रत्येक स्त्री घरात आपले मत मांडू लागते, असे काही होत नाही. त्याला इतर पुष्कळ गोष्टी लागतात. मात्र जिथे शरीराचा आकार तोच असतो तिथे ओळख पटू शकते. त्या शिक्षिकांनी नंतर सांगितले, की सोसायटीच्या सभेत बोलायला उठताना आपण श्वास कोंडून उठतो हे त्यांना आता कळते. उठण्याआधी त्या एक श्वास पूर्ण सोडतात, पहिले वाक्य लहान ठेवतात आणि बसल्यावर स्वतःला तेच दोन प्रश्न विचारतात. त्यांनी हे स्वतःहून केले. मी सुचवले नव्हते.

काही सावधानता स्पष्टपणे सांगायला हव्यात. दमा, हृदयविकार, अपस्मार किंवा अनियंत्रित रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावे. पाण्याखाली श्वास रोखण्याच्या पैजा लावू नयेत, आणि बुडी मारण्याआधी मुद्दाम भराभर श्वास तर कधीच घेऊ नयेत. त्याने कार्बन डायॉक्साइड कमी होतो, शरीराची धोक्याची सूचना उशिरा येते आणि पाण्याखालीच शुद्ध हरपू शकते. एकटीने पाण्यात उतरू नये. तलावात तरंगता आले म्हणजे नदीत, धरणात किंवा समुद्रात उतरण्याची पात्रता आली असेही मानू नये. तिथला प्रवाह वेगळे शिक्षण मागतो.

ज्यांना उन्हाळ्यातल्या तुकडीत नाव घालायचे आहे त्यांनी हुंकाराचा सराव आधीच सुरू करावा. रुंद घमेल्यात किंवा टबात पाणी घ्यावे, घरात दुसरे कोणी असताना खुर्चीवर बसून पुढे वाकावे, ओठ आणि नाक पाण्यात ठेवून ‘म्’ म्हणत श्वास पूर्ण सोडावा, वर यावे आणि आत येणारा श्वास येऊ द्यावा. वर्गात गेल्यावर प्रशिक्षकांना स्पष्ट सांगावे, की सुरुवातीला मला हातपाय मारायला शिकवू नका. श्वास सोडणे, उभे राहणे आणि तरंगणे एवढेच शिकवा. घाई करणाऱ्या प्रशिक्षकाला हे आवडणार नाही. तरीही सांगावे, आणि ऐकले नाही तर दुसरी तुकडी शोधावी.